बंब, शेकोटी आणि नाडीशोधन : निफाड तालुक्यातील एका हिवाळी प्रकल्पाच्या नोंदी

सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

योगशिक्षक पदविकेच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी ‘हिवाळ्यातील श्वसनस्वास्थ्य : योगाभ्यास आणि आयुर्वेदातील स्वस्थवृत्त’ (स्वस्थवृत्त म्हणजे निरोगी राहण्याचे आचरण) हा विषय घेतला असून आजपासून त्याच्या नोंदी लिहिण्यास सुरुवात करीत आहे. स्थळ माझेच गाव, निफाड तालुक्यातले. राज्यात थंडीची लाट आली की निफाडचे किमान तापमान वर्तमानपत्रात हमखास छापून येते, आणि त्याच आठवड्यात गावातल्या दवाखान्यासमोरची रांग वाढते, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे.

बारा जणांनी नावे दिली आहेत. आठ स्त्रिया, चार पुरुष. सर्वांत लहान ३४ वर्षांच्या, सर्वांत वडील ७१ वर्षांचे. तिघांना दम्याचे निदान पूर्वीच झालेले आहे आणि ते पंप, म्हणजे इन्हेलर, वापरतात. क्रमांक ३ हे आजोबा चाळीस वर्षे विडी ओढत होते. त्यांच्या श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या आहेत. उरलेल्यांची तक्रार दर हिवाळ्याचीच आहे: पडसे, सकाळी नाक चोंदणे, रात्रीची ढास. या नोंदींत कोणाचेही नाव न घालता क्रमांकच वापरणार आहे. पहिला नियम सर्वांना दोनदा सांगितला की, चालू असलेले कोणतेही औषध आणि विशेषतः पंप, माझ्या वर्गामुळे एक दिवसही बंद करावयाचा नाही.

वेळ पहाटे पावणेसहा, जागा मारुतीच्या देवळाचा सभामंडप. आराखड्यात आठवड्यातून दोनदा जलनेती (मिठाच्या पाण्याने नाक धुणे), रोज कपालभातीची (जोरदार उच्छ्वासांची) तीन आवर्तने, भस्त्रिका (भात्यासारखा जलद श्वास), नाडीशोधन (एकेका नाकपुडीने आळीपाळीने श्वास), भ्रामरी (गुणगुणत सोडलेला उच्छ्वास) आणि घरी नस्य (नाकात तेलाचे थेंब) व काढा असे सर्व काही आहे. जानेवारीअखेर समाप्ती. मार्गदर्शक वैद्यांनी आराखडा वाचून चष्मा काढला आणि एवढेच विचारले, “सगळं आहे, पण यात हिवाळा कुठे आहे, ताई?” त्यांच्या बोलण्याचा रोख मला आज तरी नीटसा कळलेला नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर

आज मोजमापाचा दिवस. कैवल्यधाम ही संस्था स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात स्थापन केली आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही त्याच वर्षी सुरू झाले. योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम यंत्रांनी तपासून पाहण्याची परंपरा आपल्याकडे शंभर वर्षांची आहे. माझ्याजवळ त्यांच्यासारखी प्रयोगशाळा नसली तरी पीक फ्लो मीटर नावाची प्लॅस्टिकची नळी आहे. छाती भरून श्वास घ्यावयाचा, तोटी ओठांत घट्ट धरावयाची आणि एकदम जोराने फुंकावयाचे. काटा जिथे थांबेल तो आकडा म्हणजे उच्छ्वासाचा कमाल वेग, दर मिनिटाला इतके लिटर. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहावयाचा. प्रत्येकाची तोटी वेगळी ठेवली आहे.

सांगावयास सोपे वाटले, पण बायकांचा काटा हलेचना. क्रमांक ७ यांनी पदर सावरून इतके लांबलचक आणि मंद फुंकले की मला हसू आवरेना, आणि मग लक्षात आले की त्या फुंकणीने चूल फुंकत होत्या. विस्तव पेटवावयाचा तर वारा लांब, एकसारखा आणि अलगद लागतो. या नळीला मात्र पहिला फटकाच हवा असतो, नंतर कितीही वेळ फुंकले तरी काटा पुढे सरकत नाही. “मावशी, चूल नको, दिवा विझवायचाय,” असे म्हटल्यावर काटा २५० वर गेला. त्यांची दम्यातली चांगल्या दिवसांची पातळी म्हणून हाच आकडा धरला. ८० टक्क्यांच्या खाली आकडा आला तर सावध व्हावयाचे आणि ५० टक्क्यांच्या खाली आला तर थेट दवाखाना, ही सर्वसाधारण रीत प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच आकड्यांत लिहून दिली. वहीत दुसरा रकाना रात्रीच्या खोकल्याचा आहे: झोपमोड झाली तर एक फुली.

सोमवार, २ डिसेंबर

मार्गशीर्ष लागला. आयुर्वेदात मार्गशीर्ष-पौष हा हेमंत आणि माघ-फाल्गुन हा शिशिर. या दोन्ही ऋतूंत बाहेरच्या थंडीने शरीरातील उष्मा आत कोंडला जातो, जठराग्नी प्रबळ होतो आणि म्हणून स्निग्ध, जड अन्नही पचते, असे ग्रंथ सांगतात. बाजरीची भाकरी, तीळ, लसूण, गूळ, तूप हा आपल्याकडचा हिवाळी आहार कोणी ग्रंथ वाचून ठरवलेला नसला तरी त्याच वाटेने जातो. तेव्हा आहाराबाबत मी ताटात काही नवे घालावयास सांगणार नाही, फक्त रात्रीचे दही आणि फ्रीजमधले पाणी काढून टाकावयास सांगितले आहे.

वाचता वाचता एक गोष्ट मात्र खटकली. कफाचा संचय थंडीत होतो, पण त्याचा प्रकोप वसंतात, म्हणजे सूर्याच्या उन्हाने तो साठलेला कफ पातळ होऊन सुटू लागला की होतो. तसे असेल तर जानेवारीअखेर संपणारा माझा प्रकल्प ऐन रंगात आलेला खेळ सोडून उठल्यासारखा होईल.

रविवार, ८ डिसेंबर

जलनेती. पाण्याविषयी मी कसलीही तडजोड करू दिली नाही. नळाचे पाणी पोटात गेले तर जठरातले आम्ल त्याचा समाचार घेते, नाकात तसा पहारेकरी नसतो. २०११ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नेतीसाठी नळाचे पाणी वापरलेल्या दोन व्यक्ती नेग्लेरिया फाउलेरी या अमीबाच्या संसर्गाने दगावल्या होत्या. म्हणून पाणी खळखळ उकळावयाचे, झाकून कोमट होऊ द्यावयाचे, आणि नेतीपात्रही त्याच पाण्याने धुवावयाचे. मिठाचे प्रमाण लिटरला नऊ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरला साडेचार. ‘चिमूटभर’ या मापावर माझा विश्वास नाही. गावातल्या सोनाराच्या काट्यावर साडेचार-साडेचार ग्रॅम सैंधवाच्या पुड्या बांधून आणल्या, तेव्हा त्यांनी घडणावळ मागितली नाही एवढेच. मीठ कमी पडले की नाकात झणझणते आणि पुन्हा म्हणून कोणी नेतीच्या वाटेला जात नाही.

नऊ जणांना क्रिया जमली. क्रमांक ४ यांनी मात्र शेवटी पाणी काढताना दोन्ही नाकपुड्या दाबून जोराने शिंकरले आणि त्यांच्या कानाला दडा बसला; तो संध्याकाळपर्यंत सुटला नाही. वास्तविक पुढे वाकून, मान दोन्ही बाजूंना वळवून, नाकपुडी न दाबता हलके उच्छ्वास सोडणे हा क्रियेचाच भाग आहे, आणि तो मी घाईत एकदाच दाखवला होता.

रात्री ‘हठयोगप्रदीपिका’ पुन्हा काढली. षट्कर्मे, म्हणजे नेतीसारख्या सहा शुद्धिक्रिया, ज्याच्या शरीरात मेद व कफ अधिक आहे त्याने आधी करावीत, ज्याचे दोष सम आहेत त्याने ती करू नयेत, असे त्यात स्वच्छ सांगितले आहे. मी ती बाराही जणांना सरसकट वाटली होती. उद्यापासून जलनेती फक्त तिघांसाठी, ज्यांचे नाक खरोखरच रोज भरलेले असते त्यांच्यासाठी, आणि पडशाने नाक पूर्ण बंद असेल त्या दिवशी त्यांच्यासाठीही नाही.

शुक्रवार, १३ डिसेंबर

आजची नोंद सविस्तर लिहिणे भाग आहे. पहाटे सभामंडपात बोचरे वारे होते. फरशी इतकी गार की सतरंजीतूनही कळा लागत होत्या. कपालभातीचे दुसरे आवर्तन चालू असताना क्रमांक ७ यांना ढास लागली. त्या खांबाला टेकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे झुकून बसल्या; छातीतली घरघर हातभर अंतरावरून ऐकू येत होती. नळीत फुंकावयास लावले तर काटा १८० वर, म्हणजे त्यांच्या पातळीच्या ७२ टक्क्यांवर. पंप घरी होता. मुलगा तो घेऊन धावत आला, मावशींनी औषध ओढले, आणि वीस मिनिटांनी काटा २४० वर गेला. दुपारी आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी तपासले व चिंतेचे कारण नसल्याचे सांगितले. मला मात्र जे काही बोलले ते रास्तच होते.

हे का घडले, हे शोधण्यास फार खोल जावे लागले नाही. नाक हे आत येणारी हवा गरम आणि ओलसर करणारे यंत्र आहे, पण त्याला त्यासाठी सवड लागते. थंड, कोरडी हवा भराभर ओढली की श्वासनलिकांच्या अस्तरातले पाणी आणि ऊब त्या हवेबरोबर निघून जाते, आणि दम्याच्या माणसाच्या संवेदनशील नलिका त्यामुळे आवळल्या जातात. हिवाळ्यात धावणाऱ्या खेळाडूंनाही असाच त्रास होतो. कपालभातीत उच्छ्वास जोराचा आणि श्वास आपोआप होणारा असला तरी नवख्या माणसाचे तोंड उघडते, आणि मग नाकाची चाळणीही राहत नाही.

चरकसंहितेत तमकश्वासाचे, म्हणजे दम्यासारख्या विकाराचे, जे वर्णन आहे, ते वाचताना मला क्रमांक ७ डोळ्यांसमोर दिसत होत्या: ढग, पाऊस, गारवा, पूर्वेचा वारा आणि कफ वाढवणारे पदार्थ यांनी वाढणारा, आडवे झाल्यावर छळणारा, बसले की सुसह्य होणारा आणि उबेची ओढ लावणारा विकार. हठयोगप्रदीपिकेतील इशारा तर याहून थेट आहे. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करावे लागतात तसाच प्राणही. चुकीच्या अभ्यासाने उचकी, श्वास, खोकला आणि डोके, कान व डोळे यांच्या वेदना उद्भवतात. खोकला जावा म्हणून ज्या प्राणायामाकडे मी यांना आणले, तोच घाईने केल्यास खोकला होतो, हे त्याच पुस्तकात लिहिलेले होते. पाठांतरासाठी मी तो श्लोक परीक्षेत लिहिलाही होता. मार्गदर्शक वैद्यांच्या ‘यात हिवाळा कुठे आहे’ या प्रश्नाचा अर्थ आज समजला.

सोमवार, १६ डिसेंबर

वर्ग आता सकाळी साडेआठला, समाजमंदिराच्या पूर्वेकडील खोलीत. तोवर खिडकीतून ऊन आत आलेले असते. भस्त्रिका पूर्ण बंद. दमा, रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असलेल्यांसाठी कपालभातीही बंद. इतरांना वीस हलके ठोके, तेही सर्वांत शेवटी, शरीर तापल्यावर. शीतली आणि सीत्कारी हे प्राणायाम तर या ऋतूत शिकवावयाचेच नाहीत, त्यांचा गुणच थंडावा देण्याचा.

नवा क्रम लहान आहे. खांदे आणि मान यांच्या सूक्ष्म हालचाली, ताडासन, कटिचक्रासन, मार्जारासन, ज्यांना जमेल त्यांना भुजंगासन. मग पाठीवर झोपून, आणि क्रमांक ३ यांच्यासारख्यांना आडवे होता येत नसेल तर खुर्चीत बसून, पोटाने श्वास. पोटावर जोंधळ्याची पावशेराची पुरचुंडी ठेवली की ती वर उचलली जाते की नाही हे ज्याचे त्याला दिसते आणि मला बोलावे लागत नाही. श्वास तीन अंकांचा, उच्छ्वास सहा अंकांचा, मध्ये रोखणे नाही. क्रमांक ३ यांना उच्छ्वास लांबवता येईना, “आजोबा, बशीत चहा ओतल्यावर कसा फुंकता?” असे विचारले आणि त्यांचे ओठ आपसूक हवे तसे झाले. ओठ अर्धवट मिटून सावकाश सोडलेल्या या उच्छ्वासाने आतल्या नलिकांवर थोडा दाब टिकून राहतो, त्या अवेळी मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते. श्वसनविकारांच्या व्यायामोपचारात हीच युक्ती शिकवतात.

त्यानंतर कुंभकाशिवाय, म्हणजे श्वास न रोखता, नाडीशोधन आणि शेवटी भ्रामरी. गुणगुणण्याने नाकातून बाहेर पडणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण शांत उच्छ्वासाच्या मानाने पंधरा पट होते, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००२ साली मोजून दाखवले. नाकाशेजारच्या पोकळ्यांतली हवा त्या कंपनाने खेळती होते, हा त्याचा अर्थ. बायकांना भ्रामरी सर्वांत आवडली. जात्यावरच्या घरघरीसारखी वाटते, असे एकीने सांगितले.

रविवार, २२ डिसेंबर

वह्यांमध्ये एक विचित्र गोष्ट दिसत होती. रात्रीच्या फुल्या कमी होत होत्या, पण चौघींच्या घरी सकाळी सहा ते सात या वेळेत खोकल्याची उबळ ठरलेली होती, आणि त्या वेळेला वर्ग नसतो. म्हणून आज भल्या पहाटे घरोघर गेले.

उत्तर पहिल्याच पडवीत उभे होते: बंब. स्वयंपाक सर्वांच्या घरी गॅसवर होतो आणि ‘आमच्याकडे चूल नाही’ असे सर्वांनी मला नोव्हेंबरात खात्रीने सांगितले होते, ते खोटे नव्हते. पण गॅस अंघोळीच्या पाण्यावर कोण उधळणार? क्रमांक ७ यांच्या घरचा बंब तांब्याचा, सासूबाईंच्या वेळचा, तोटीपाशी हिरवट झालेला. मधल्या नळीत त्या एकेक काडी मोडून टाकत होत्या. काड्या द्राक्षबागेतल्या ऑक्टोबर छाटणीच्या, अजून पुरत्या न वाळलेल्या, आणि त्या पेट घेईनात म्हणून खाली जाळीत दुधाच्या पिशव्यांचे प्लॅस्टिक. नळीतून निघणारा पिवळसर धूर वर जाऊन पडवीच्या पत्र्याला अडत होता आणि तिथून सरळ माजघराच्या खिडकीत शिरत होता. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, वरची तिच्याहून उबदार. धुराला वर जावयास वाट राहत नाही. सात माणसांच्या अंघोळी होईपर्यंत, म्हणजे तास-सव्वा तास, मावशी त्या धुरात बसतात आणि नंतर माझ्या वर्गाला येऊन नाडीशोधन करतात.

दुसऱ्या घरी बंब नव्हता, पण दारे-खिडक्या बंद करून रात्रभर डासांची अगरबत्ती जळत होती. अशी एक वेटोळी कांडी जळताना जितके सूक्ष्म कण बाहेर टाकते, तितके ७५ ते १३७ सिगारेटी जाळल्याने निघतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले आहे. तिसऱ्या घरी ‘हवा शुद्ध व्हावी’ म्हणून गुग्गुळ आणि गोवरीचा धूप, तोही दम्याच्या माणसाच्या उशाशी. धूप देण्याची परंपरा आपली आहे हे खरे. पण दमेकऱ्याच्या बंद खोलीत तो धूरच असतो, मग जळणारे द्रव्य कितीही पवित्र असो.

क्रमांक ९ यांचा प्रश्न सर्वांत अवघड. पारा फार उतरला की द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून ते रात्री बागेत ओळींच्या मध्ये शेकोट्या पेटवतात आणि पहाटे लाल डोळ्यांनी घरी येतात. “ताई, छाती महिनाभर धरेल, पण माल तडकला तर वर्ष गेलं,” या त्यांच्या म्हणण्यावर योगशास्त्रात उत्तर नाही. रात्री ठिबकने पाणी सोडल्यास जमिनीचे तापमान थोडे सावरते, हा उपाय त्यांना ठाऊक आहे. वीज कोणत्या पाळीला येते यावर सर्व अवलंबून. शेकोटी वाऱ्याच्या दिशेने अशी लावावयाची की आपण धुराच्या वरच्या अंगाला उभे राहू, एवढाच करार आज झाला.

बंबाचे मात्र ताबडतोब केले. क्रमांक ७ यांच्या मुलाने आणि मी तो उचलून परसात, गोठ्यापलीकडे नेला. ओल्या काड्या आणि प्लॅस्टिक बंद, गेल्या वर्षीची वाळलेली बाभळ चालू. बंब पेटवण्याचे काम मुलाकडे. मावशींना ते अगोदर रुचले नाही. “माझा बंब माझ्याशिवाय कोणाला पेटत नाही,” असे त्या दोनदा म्हणाल्या.

रविवार, ५ जानेवारी २०२५

क्रमांक ७ यांचा सकाळचा आकडा दोन आठवड्यांत २५० वरून २८० पर्यंत आला आहे, आणि सहा ते सातची उबळ थांबली आहे. यात नाडीशोधनाचा वाटा किती आणि गोठ्यापलीकडे गेलेल्या बंबाचा किती, असे कोणी मला विचारले तर मी बंबाकडे बोट दाखवीन. प्रकल्पाच्या शीर्षकात मात्र बंब नाही.

आज तेल आणि शेक. श्वासविकारात छातीला मीठ घातलेल्या तेलाने स्निग्ध करून मग स्वेदन करावे, हे चरकांचे सांगणे आणि आजीचा ओव्याचा शेक यांत फारसे अंतर नाही. तिळाचे तेल कोमट करून त्यात थोडे बारीक सैंधव मिसळले, छाती व पाठ चोळली, आणि सुती कापडात ओवा बांधून तव्यावर गरम करून शेकले. ओव्याच्या वासाने नाक मोकळे वाटते आणि उबेने स्नायू सैल होतात. पंपाची जागा हा शेक घेत नाही, हे प्रत्येक वेळी सांगते. मधुमेह असलेल्या क्रमांक ५ यांना स्पर्शाची जाणीव कमी आहे, त्यामुळे पुरचुंडी आधी दुसऱ्याच्या मनगटावर टेकवून पाहावयाची. डोक्यावर पांघरूण घेऊन उकळत्या पातेल्यावर वाफ घेणे मी बंद केले आहे, कारण पातेले कलंडून भाजण्याचा धोका लाभापेक्षा मोठा आहे, विशेषतः घरात लहान मूल असताना.

प्रतिमर्श नस्य, म्हणजे अगदी थोड्या मात्रेचे नस्य, प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब. तर्जनी दोन पेरांपर्यंत तेलात बुडवून वर काढल्यावर जो थेंब पडतो तो ‘बिंदू’, असे अष्टांगहृदयातले माप आहे. वैद्यांनी अणुतैल हे नस्याचे औषधी तेल तसेच घालावयास शिकवले. जेवणानंतर लगेच, अंघोळीनंतर लगेच किंवा ताज्या पडशात ते घालावयाचे नाही. ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांना आणि क्रमांक ३ यांना नस्य पूर्ण वर्ज्य केले, कारण तेल चुकून श्वासमार्गात वारंवार उतरले तर त्यानेच फुप्फुसाला सूज येऊ शकते.

शनिवार, ११ जानेवारी

काढ्यांची झडती घेतली असता एकीच्या घरी सुंठ, मिरे, पिंपळी, लवंग, दालचिनी आणि आले हे सर्व एकत्र उकळून दिवसातून चार वेळा घेतले जात होते. घशाचे माहीत नाही, पण छातीत जळजळ सुरू झाली होती, आणि वर आलेल्या आम्लानेही खोकला वाढतो. काढा दिवसातून एकदा, अर्धा कप. तुळस, गवती चहा आणि आल्याचा तुकडा पुरे.

क्रमांक ५ यांनी ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणून सितोपलादी चूर्णाचे दिवसाला तीन चमचे सुरू केले होते. त्यांना मी फळ्यावर हिशेब करून दाखवला: खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलदोडा दोन, दालचिनी एक. एकतीस भागांत सोळा भाग साखर, आणि वर मधाचे चाटण! त्यांची मात्रा आता वैद्य ठरवतील. ज्येष्ठमध चघळण्याची सवय क्रमांक २ यांनी सोडली, कारण त्याने रक्तदाब वाढतो व शरीरातले पोटॅशियम कमी होते, आणि त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. अडुळशाला मात्र मान आहे: त्यातील व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे आधुनिक औषध तयार झाले. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, हेही एका आजींना बजावून आले. नातू आठ महिन्यांचा आहे.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. वर्ग अर्धाच झाला. तिळगूळ खाल्ल्यावर लगेच भ्रामरी केली की काय होते, ते सर्वांना खोकून खोकून कळले.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

रथसप्तमी. तरुण मंडळाने शाळेच्या पटांगणावर १०८ सूर्यनमस्कारांचा कार्यक्रम ठेवला होता आणि आमच्या वर्गालाही बोलावणे होते. आम्ही ऊन वर आल्यावर गेलो आणि पाच घातले, प्रत्येक स्थितीत एक पूर्ण श्वास थांबून. क्रमांक ३ यांनी खुर्चीत बसून हात वर-खाली केले व टाळ्या मिळवल्या. विद्यापीठाकडे मुदतवाढीचा अर्ज दिला होता, तो मंजूर झाला. प्रकल्प होळीपर्यंत चालेल.

रविवार, १६ फेब्रुवारी

मुदत वाढवली हे बरे झाले. दुपारी ऊन चटके देऊ लागले आहे, पहाट अजून गार आहे, आणि जानेवारीत जवळजवळ रिकामे असलेले फुल्यांचे रकाने पाच जणांच्या वह्यांत पुन्हा भरू लागले आहेत. खोकल्याचा बाजही बदलला आहे: डिसेंबरात कोरडी ढास होती, आता सकाळी चिकट बेडके पडतात. शिशिरात साठलेला कफ उन्हाने वितळतो, हे रूपक म्हणून मी वाचले होते. पाच वह्यांत ते तारखेनिशी दिसेल असे वाटले नव्हते. आधुनिक वैद्यक याच काळात तापमानातल्या दिवस-रात्रीच्या मोठ्या फरकाकडे आणि आंब्याच्या मोहरापासून गवतापर्यंतच्या परागांकडे बोट दाखवते. उपाय ठरवताना दोन्ही ध्यानात घेतले. तीळ, गूळ, तूप आणि उडीद आता कमी. ज्वारीची भाकरी, मूग, कुळथाचे पिठले, सुंठ घालून उकळलेले पाणी. दुपारची झोप बंद. आसनांचा वेग थोडा वाढवला आणि निरोगी सहा जणांची कपालभाती चाळीस ठोक्यांवर नेली, बाकीच्यांची नाही.

क्रमांक ११ यांचा खोकला मात्र या हिशेबात बसत नाही. तीन आठवडे झाले, संध्याकाळी अंग कसकसते आणि वजनही उतरले आहे. ‘ऋतू बदलतोय’ म्हणून त्या स्वस्थ होत्या. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला थुंकी तपासल्याशिवाय सोडावयाचा नाही, हा क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा साधा नियम आहे. “काढा घेते की, ताई,” असे त्या म्हणत असतानाच त्यांना दुचाकीवर मागे बसवून आरोग्य केंद्रात नेले.

सोमवार, ३ मार्च

क्रमांक ११ यांच्या थुंकीच्या तपासणीत क्षय निघालाच. सहा महिन्यांचे औषध सुरू झाले असून घरातील इतरांचीही तपासणी झाली. औषध मोफत आहे. त्या वर्गाला येऊ इच्छितात, परंतु डॉक्टर सांगतील तोवर त्यांनी घरीच, खिडकी उघडी ठेवून, आराम करावयाचा आहे. आमच्या खोलीच्या तिन्ही खिडक्याही आता वर्गाच्या वेळी उघड्या ठेवल्या आहेत आणि बाकीच्या सर्वांची नावे तपासणीसाठी दिली आहेत. डिसेंबरात थंडी लागते म्हणून आम्ही त्याच खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या; त्या मी आज एकटीने ओढून काढल्या.

बुधवार, १२ मार्च

शेवटचे मोजमाप. आलेल्या अकरा जणांपैकी सात जणांचा आकडा नोव्हेंबरपेक्षा चढलेला, तिघांचा होता तिथेच, आणि क्रमांक ९ यांचा उतरलेला. बाग तुटली, माल गेला, भाव मिळाला, आणि छाती अजून घरघरते आहे. त्यांना मी आरोग्य केंद्रातून पुढे नाशिकला फुप्फुसांच्या तपासणीसाठी चिठ्ठी मिळवून दिली आहे. क्रमांक ३ यांचा आकडा हललेला नाही, पण देवळाच्या अकरा पायऱ्या ते आता मध्ये न थांबता चढतात. त्यांच्या मते आकडा चुकतो आहे. मीटर आणि कोऱ्या वह्या गावातल्या आरोग्यसेविकेच्या, आशाताईंच्या, ताब्यात दिल्या.

उद्या होळी आहे. चौकातली होळी घरांपासून दूर, शाळेच्या पटांगणावर पेटवावी आणि तिच्यात टायर टाकू नये, हे ग्रामपंचायतीने मान्य केले. गोवऱ्या आणि एरंडाची फांदी पुरेशी आहे. क्रमांक ७ यांनी पुरणपोळीचा नैवेद्य सुनेच्या हाती पाठवावयाचे कबूल केले, आणि थोड्या वेळाने, “लांबून तरी बघते,” असे म्हणून शब्द फिरवला. मी काही बोलले नाही. त्यांनी कमरेची पानाची चंची सोडून दाखवली: चुन्याच्या डबीशेजारी पंप होता.